आरोग्य योजनेसाठी उत्पन्न आणि मालमत्तेचा पुरावा: बेळगाव सीमाभागातील अर्जदार कुठे अडकतात

आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेखाली उपचार मिळावेत म्हणून बेळगावच्या दवाखान्यात आलेले नातेवाईक अनेकदा नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयातून, आणलेला उत्पन्नाचा दाखला पुढे करतात, आणि आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यातला योजनेचा मदतनीस, तो बाजूला ठेवून रेशन कार्ड मागतो. कुटुंब कोणत्या वर्गात बसते, हे दवाखान्यात ठरत नाही. अन्न व नागरी पुरवठा खात्याच्या नोंदीत ते आधीच ठरलेले असते. बीपीएल (दारिद्र्यरेषेखालील) किंवा अंत्योदय कार्ड असल्यास संपूर्ण कुटुंबाला मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. कार्ड एपीएल (दारिद्र्यरेषेवरचे) असेल किंवा कार्डच नसेल, तर योजनेने ठरवलेल्या दराच्या ३० टक्के रक्कम सरकार देते, तीही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत, आणि उरलेले ७० टक्के घरच्यांना उभे करावे लागतात.

त्यामुळे खरी परीक्षा रेशन कार्डाच्या अर्जातच होते. बीपीएलसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजारांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला सरासरी १० हजार. उद्यमबागेतील कारखान्यात एकट्याच्या १२ हजारांवर पाच माणसे जगत असली, तरी हिशेबाने ते घर मर्यादेबाहेर जाते. ही मर्यादा आजच्या बाजारभावाशी जुळत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. अशा कामगाराने कार्डासाठी खेटे घालण्यापूर्वी आपली पगारपत्रिका पाहावी. २१ हजारांपर्यंत वेतन असणाऱ्यांची ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, वर्गणी कापली जात असेल, तर उपचाराचा हक्क त्याला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना तिकडून मिळतो, आणि तो अनेकांना ठाऊकच नसतो.

सर्वाधिक अर्ज जमिनीपाशी अडखळतात. ३ हेक्टरपेक्षा जास्त जिरायत, किंवा त्या प्रमाणात बागायत, असल्यास बीपीएल मिळत नाही. ३ हेक्टर म्हणजे सुमारे ७ एकर १६ गुंठे. खानापूरच्या पश्चिमेला डोंगरउतारावरची ८ एकर जमीन वर्षाला एक भातपीक देते आणि तेही पावसाच्या मर्जीने, पण नियम क्षेत्र मोजतो, पोती मोजत नाही. त्याहून मोठी अडचण एकत्र उताऱ्याची असते. आजोबा वारून वीस वर्षे झाली, तिघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, प्रत्येकजण आपापले ३ एकर कसतो, आणि उताऱ्यावर मात्र अजून आजोबांच्या नावे सलग ९ एकर आहेत. कागद तपासणाऱ्याला ते ९ एकरच दिसतात. तोंडी वाटणी, पंचांसमोरचा साधा कागद किंवा तलाठ्याची ओळख इथे उपयोगी पडत नाही. आधी वारसा नोंद, जिला इकडच्या कार्यालयात पौती खाते म्हणतात, ती करून घ्यावी लागते, आणि वाटणीसाठी भूमापकाने हिस्से मोजून काढलेला ११-ई नकाशा लागतो. या कामाला महिने जातात, म्हणून घरात कोणी आजारी नसतानाच ते हाती घेणे शहाणपणाचे आहे. उशिरा जाग आलेल्यांची धावपळ मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता सांगताना आवाज चढतो.

वाहनाबाबत विनाकारण भीती आहे. स्वतःच्या वापराची चारचाकी अपात्र ठरवते; पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेला एखादा ट्रॅक्टर किंवा टॅक्सी त्यात धरली जात नाही, मात्र नोंदणीही तशीच असायला हवी. शहरात १००० चौरस फुटांहून मोठे घर आणि आयकर भरणारा सदस्य या दोन्ही बाबी कार्ड नाकारायला पुरेशा आहेत. कर्ज लवकर मिळेल म्हणून कोणाच्या तरी सल्ल्याने उत्पन्न फुगवून आयकर विवरण भरणारे तरुण पुढे आईवडिलांचे कार्ड वाचवताना हैराण होतात, कारण स्वतःच दाखवलेला आकडा नाकारणे फार कठीण असते.

उत्पन्नाचा दाखला निरुपयोगी नाही. रेशन कार्डाच्या अर्जात त्यावर छापलेला आरडी क्रमांक लागतो. दाखला नाडकचेरीतून किंवा ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रातून मिळतो. दाखल्यावर छापलेली मुदत आणि रक्कम वाचूनच केंद्राबाहेर पडावे. मजकूर कानडीत असतो. लिपी येत नसेल तर शेजारच्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावा, पण न वाचता अंगठा किंवा सही करू नये. नवीन कार्डाचे अर्ज बारमाही घेतले जात नाहीत, त्यामुळे कागद तयार ठेवून वाट पाहावी लागते.

नावांचा गोंधळ सीमाभागाचा खास आहे. मराठीच्या सवयीने ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत डी-एनने सुरू होते, कानडीवरून लिहिणारा ते जे-एनने सुरू करतो, आणि संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी माणसे होतात. आधार, रेशन कार्ड आणि उतारा समोरासमोर ठेवून अक्षरन् अक्षर जुळवावे. चंदगड किंवा गडहिंग्लजहून आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय ते इथे चढत नाही, आणि नाव चढले नाही तर प्रसूतीच्या गुंतागुंतीत तिलाच या कार्डाचा लाभ मिळत नाही.

महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांसाठी लागू केलेली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना पूर्णपणे वेगळी आहे. तिचे नियम आणि कागद इथल्या योजनेत मिसळू नयेत.

कार्ड बरोबर असूनही काही जण शेवटच्या पायरीवर घसरतात. तातडीचा प्रसंग सोडला, तर खासगी रुग्णालयात जाण्याआधी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र घ्यावे लागते. दाखल झाल्यावर, ठरलेली शस्त्रक्रिया उरकल्यावर ते आणून चालत नाही. योजना रोकडरहित आहे. आधी बिल भरून नंतर पावत्यांवर पैसे परत मागण्याची सोय तिच्यात नाही, म्हणून काउंटरवर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठून नोंदणी झाली की नाही, ते विचारावे.