गोल्ड कोस्ट (लाँग आयलंड)

न्यू यॉर्क शहराच्या पूर्वेकडील लाँग आयलंड बेटाचा उत्तर किनारा. १८९० ते १९३० च्या दरम्यान बँका, तेल, रेल्वे यांवर गब्बर झालेल्या कुटुंबांनी येथे पाचशेहून अधिक हवेल्या बांधल्या. मराठीत ‘इस्टेट’ म्हटले की आधी भाऊबंदकी आठवते. इथली इस्टेट म्हणजे जवळजवळ एक गावच असे. हवेलीभोवती तबेले, गोठे, काचगृहे, माळ्यांची घरे आणि पुष्कळदा खाडीत उतरणारा खासगी धक्का. वास्तुशैली बहुतेक उसनी. ओल्ड वेस्टबरी येथील फिप्स कुटुंबाचे घर (१९०६) जुन्या इंग्लिश वाड्यासारखे, तर सँड्स पॉइंटचे ‘फालेज’ (१९२३) फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांताच्या धर्तीचे.

सर्वांत गाजलेली वास्तू म्हणजे हंटिंग्टनजवळचा ‘ओहेका’. सावकारी पेढीचे भागीदार ओटो हर्मन काह्न यांच्या नावातील अक्षरे जुळवून हे नाव केले. बांधकाम १९१९ मध्ये संपले. १२७ खोल्यांचे हे घर तेव्हा अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे खासगी निवासस्थान होते. उंचावरून देखावा दिसावा म्हणून काह्न यांनी आधी भराव घालून टेकडीच रचून घेतली. त्यांचे न्यू जर्सीतील आधीचे घर आगीत सापडले होते, म्हणून ओहेकाचा सांगाडा पोलाद आणि काँक्रीटचा केला. ही धास्ती पुढे कामी आली. काह्न यांच्या मृत्यूनंतर (१९३४) घर न्यू यॉर्कच्या सफाई कामगारांचे विश्रांतिस्थान झाले, मग लष्करी शाळा. १९७९ मध्ये शाळा बंद पडल्यावर रिकाम्या वाड्यात उपद्रवी लोकांनी वारंवार आगी लावल्या, तरी तो उभा राहिला. आज तिथे हॉटेल आहे आणि लग्ने लागतात.

बाकीच्यांचे नशीब एवढे चांगले नव्हते. १९१३ चा प्राप्तिकर, १९२९ ची मंदी आणि युद्धानंतर नोकरचाकर मिळेनासे होणे, यांत हा थाट टिकला नाही. रॉझलिनची ‘हार्बर हिल’ १९४७ मध्ये पाडली गेली आणि तिच्या जमिनीवर साधी घरे आली. मालकांचा दबदबा मात्र नकाशावर उरला आहे. न्यू यॉर्कचे रस्ते आणि उद्याने उभारणारे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांचा ‘नॉर्दर्न स्टेट पार्कवे’ हा मोटाररस्ता या इस्टेटी टाळण्यासाठी दक्षिणेला वळवला गेला आणि ते वळण अजून तसेच आहे. ओल्ड वेस्टबरीच्या बागा १९५९ पासून तिकीट काढून पाहता येतात.