धर्माचा भूगोल : मुंबई

एखाद्या देशात निरनिराळ्या धर्मांचे अनुयायी आणि धर्म न मानणारे लोक कोठे दाटीने, कोठे विरळ राहतात व तसे का राहतात, याचा विचार धर्माच्या भूगोलात केला जातो. भारतात पंजाबात शीख, मिझोराम व नागालँडमध्ये ख्रिस्ती, लक्षद्वीपमध्ये मुस्लिम बहुसंख्य आहेत. हाच फरक एका शहरात गल्लोगल्ली अभ्यासायचा झाल्यास मुंबईइतके समृद्ध क्षेत्र क्वचितच सापडेल.

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईत हिंदू सुमारे ६६ टक्के, मुस्लिम २०.६, बौद्ध ४.८, जैन ४.१ व ख्रिस्ती ३.३ टक्के होते. देशभरात बौद्धांचे प्रमाण ०.७ आणि जैनांचे ०.४ टक्के आहे. ही सरासरी शहरातील वस्त्यांना मात्र क्वचितच लागू पडते. भेंडी बाजार व डोंगरीत मुस्लिम, वाळकेश्वर व घाटकोपरला जैन, तर फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांमुळे सायन कोळीवाड्यात शीख एकवटलेले दिसतात.

अशा वस्त्यांमागे श्रद्धेइतकाच घरांचा इतिहास आहे. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची जमीन वसवली, तेव्हा हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. वांद्रे, गिरगावातील खोताचीवाडी आणि गोराई येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती हे त्याहून जुने रहिवासी. त्यांचे पूर्वज पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाले, आणि घरात मराठीचीच एक बोली बोलणारा हा समाज मुंबईच्या मूळ रहिवाशांत गणला जातो. याउलट १९९२-९३ च्या दंगलींनंतर अनेक मुस्लिम कुटुंबांनी मिश्र वस्त्या सोडून मुंब्र्याची वाट धरली. भीतीने झालेले हे स्थलांतर शहराच्या धार्मिक नकाशावरील सर्वांत वेदनादायक बदल मानावा लागेल.

बौद्ध समाजाचे वितरण विशेष लक्षणीय आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि त्यांच्यामागोमाग गिरणीत, गोदीत व नगरपालिकेत राबणाऱ्या हजारो कुटुंबांनी जुना धर्म सोडला. घर न बदलता, एकाच पिढीत, खोलीच्या भिंतीवरील देवांच्या तसबिरींच्या जागी बुद्ध आणि बाबासाहेब आले. १९२० च्या दशकात सरकारच्या ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने बांधलेल्या बीडीडी चाळींत हा बदल इमारतीगणिक दिसे : काही इमारती प्रामुख्याने बौद्ध, तर लगतच्या इमारती कोकण-घाटावरून आलेल्या हिंदू गिरणी कामगारांच्या; एकीकडे पंचशील ध्वज, पलीकडे सार्वजनिक गणपतीचा मांडव. १९७४ मध्ये वरळीच्या याच चाळींत दंगल उसळली, यावरून ही सीमारेषा केवळ सणावारांपुरती नव्हती हे स्पष्ट होते. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर येणारा लाखोंचा समुदाय महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील असतो. देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक बौद्ध याच राज्यात राहतात.

धर्म न मानणाऱ्यांचा नकाशा काढणे अवघड आहे, कारण त्यांची वेगळी वाडी वा मोहल्ला नसतो. ते बहुधा श्रद्धाळू कुटुंबातच राहतात. जनगणनेच्या मुख्य तक्त्यांत सहा धर्मांखेरीज ‘इतर’ आणि ‘धर्म नमूद नाही’ एवढेच रकाने असतात. २०११ मध्ये देशातील २८ लाखांहून अधिक लोक या शेवटच्या रकान्यात गेले; त्या सर्वांना नास्तिक समजणे मात्र चूक ठरेल. मुंबईत विवेकवादाची परंपरा जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून धार्मिक रूढींवर परखड टीका केली आणि त्यासाठी खटलेही सोसले. पुढे सरकारी मुद्रणालयाने राजपत्रात ‘कोणताही धर्म नाही’ अशी नोंद छापण्यास नकार दिल्यावर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. राज्यघटनेने दिलेल्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात आपण कोणत्याही धर्माचे नाही असे सांगण्याचा हक्क अंतर्भूत आहे आणि धर्म जाहीर करण्याची सक्ती शासनाला करता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिला.