दोन जमान्यांचे रूळ, एकच फेरी : पीक डिस्ट्रिक्टमधल्या सायकलवाटेची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या डर्बीशरमधल्या ॲशबर्नहून टिसिंग्टन ट्रेलने पार्सली-हेपर्यंत चढायचं, तिथून हाय पीक ट्रेल धरून मिडलटन टॉपला पोचायचं आणि मग गावरस्त्यांनी ॲशबर्नला परतायचं. या फेरीला ‘मध्यम’ दर्जा दिला, तर त्यातून फारसं काही कळत नाही. पहिल्या टप्प्यात सलग 21 किलोमीटर पायांना जेमतेम जाणवणारा चढ आहे. दुसरा टप्पा बराच वेळ सपाट राहतो आणि मग अचानक तीव्र उतार लागतो. याचं कारण एकच. या दोन वाटा म्हणजे दोन वेगळ्या जमान्यांतल्या, आता बंद पडलेल्या रेल्वे आहेत.

आधी जुनी, म्हणजे आजचा हाय पीक ट्रेल. क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वेला 1825 मध्ये कायद्याने मंजुरी मिळाली आणि 1831 मध्ये ती पूर्ण झाली. क्रॉमफर्ड कालवा आणि व्हेली ब्रिजजवळचा पीक फॉरेस्ट कालवा जोडायचे होते, पण मधल्या चुनखडीच्या पठारावर कालव्याला पुरेल इतकं पाणी नव्हतं. मग जोसायस जेसप या अभियंत्याने पाण्याऐवजी रूळ टाकले, आखणी मात्र कालव्याचीच ठेवली. लांबच लांब सपाट पट्टे आणि कालव्याला जिथे लॉक, म्हणजे नावा वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद, आले असते तिथे खडे उतार, असे एकूण नऊ. सपाट भागात घोडे मालाच्या वाघिणी ओढत. उतारांवर वाफेचं स्थिर इंजिन साखळीने, पुढे दोराने, त्या वर खेचे. मालधक्क्यांनाही ‘वॉर्फ’ म्हणत, म्हणजे बंदरातला धक्का. डोंगरमाथ्यावर!

मिडलटन टॉपचं इंजिनघर आजही उभं आहे. आतलं इंजिन बटरली कंपनीने 1829 मध्ये बनवलं आणि ते 1963 पर्यंत काम करत होतं. तिथून खाली उतरणारा मिडलटन उतार दर सव्वाआठ फुटांना एक फूट, म्हणजे सुमारे 12 टक्के आहे. इथे बहुतेकांची चूक एकच होते : सपाट वाटेचा वेग तसाच ठेवून उताराला लागायचं. सुट्या खडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबला की पुढचं चाक घसरतं. खाली जायचंच असेल तर वजन मागे घ्यावं, दोन्ही ब्रेक थोडे-थोडे आणि आलटून-पालटून वापरावेत, आणि गर्दी असेल तर सरळ उतरून चालावं. त्याआधी लागणारा हॉप्टन उतार दर 14 फुटांना एक फूट आहे. यावर नंतरच्या काळात दोराशिवाय, रुळांवर धावणाऱ्या साध्या वाफेच्या इंजिनाने गाड्या चढवत. धाव घेऊन चढायचं, जमलं नाही तर मागे येऊन काही वाघिणी सोडायच्या.

त्याही खाली, क्रॉमफर्डच्या अंगाला शीप पाश्चर उतार आहे. 1888 मध्ये तिथे सुटलेल्या वाघिणी कालवा आणि शेजारचा दुहेरी लोहमार्ग ओलांडून पलीकडच्या शेतात जाऊन पडल्या. त्यानंतर उताराच्या तळाशी पळत्या वाघिणी अडवायला खड्डा केला. एका मोडक्या वाघिणीचा सांगाडा अजून त्यात पडलेला दिसतो.

पठारावरची एक जागा मुद्दाम थांबून पाहावी अशी आहे : गॉथम वळण. त्रिज्या फक्त 55 यार्ड, आणि तेवढ्यात मार्ग सुमारे 80 अंशांत वळतो. पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली इंजिनं इथून जाऊच शकत नसत. सायकलवरून वळताना हँडल सतत कललेलं ठेवावं लागतं. रेल्वेवाटेवर असं सहसा होत नाही.

नवी रेल्वे, म्हणजे आजचा टिसिंग्टन ट्रेल, ही लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीची ॲशबर्न–पार्सली-हे शाखा, 1899 ची. तोवर इंजिनं दमदार झाली होती, पण पोलादी चाक पोलादी रुळावर घसरतं ही मर्यादा कायम होती. म्हणून भराव घालून, खडक कापून चढ पसरवून टाकला : 21 किलोमीटरमध्ये सुमारे 200 मीटर, सरासरी एक टक्का. म्हणूनच ॲशबर्नहून निघणं शहाणपणाचं. पार्सली-हेहून सुरुवात करणारे उताराच्या भरात दूर जातात आणि दमलेल्या पायांनी, बरेचदा उघड्या पठारावरचं वारं तोंडावर घेत, परत चढतात.

27 मार्च 1963 ला ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला आणि ब्रिटनमधले सुमारे 5,000 मैल मार्ग व 2,363 स्थानकं बंद करण्याची शिफारस झाली. पण ॲशबर्नच्या नियमित प्रवासी गाड्या 1954 मध्येच थांबल्या होत्या. इथला सगळा दोष बीचिंगच्या माथी मारता येत नाही. 1967 पर्यंत या दोन्ही वाटांवरचे रूळ निकामी झाले. 1971 मध्ये टिसिंग्टन ट्रेल खुला झाला, पाठोपाठ हाय पीकही. हाय पीक ट्रेल उत्तरेला डाउलोपाशी एकदम संपतो, कारण तिथल्या खाणीचा दगड आजही रेल्वेने जातो.

रेल्वेची अशी वाट करणं इथे नवीनही नव्हतं. शेजारच्या मॅनिफोल्ड खोऱ्यातली 762 मिलिमीटर रुंदीची रेल्वे 1904 ते 1934 चालली आणि 1937 मध्येच तिची पायवाट झाली. तिचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, म्हणजे बार्शी लाईट रेल्वे उभारणारा तोच. त्याने 1897 मध्ये बार्शीला वापरलेली रुंदी इंग्लंडमधल्या या खोऱ्यात नेली.

रूळ, स्लीपर आणि जाड खडी उचलल्यावर खाली चुनखडीची भुकटी दाबून बसवली. कोरडी असताना ती सुरेख धावते. पावसात तिचं राखाडी लुकण होतं, ते साखळीत आणि ब्रेकच्या पॅडांत शिरून दोन्ही झिजवतं. घरी पोचल्यावर आधी साखळी धुवावी, मग तेल द्यावं. कटिंगमधल्या, म्हणजे खडक कापून काढलेल्या भागातल्या, बाजूच्या चाऱ्या पानांनी तुंबल्या की पाणी वाटेवर येतं. रेल्वेवाटेपुरते 40 मिलिमीटरचे टायर पुरतात, पण परतीला ब्राइडलवे, म्हणजे घोडेस्वारांनाही मोकळी असलेली वाट, घेणार असाल तर दोन इंची हवेत.

ब्राइडलवेवर सायकल नेण्याचा हक्क 1968 च्या कंट्रीसाइड कायद्याने दिला, तोही पादचारी आणि घोडेस्वारांना वाट देण्याच्या अटीवर. फुटपाथ म्हणून नोंदलेल्या वाटांवर तो हक्क नाही. नकाशात दोन्ही तुटक रेघांनीच दाखवलेले असतात, त्यामुळे निघण्याआधी खुणांची सूची पाहावी. या परतीच्या भागात चढ पसरवून द्यायला कुणी अभियंता नव्हता. ब्रॅडबर्नच्या ओढ्यापर्यंत उतरून टिसिंग्टनला पुन्हा चढावं लागतं. फेरी ‘मध्यम’ होते ती इथे, म्हणून एक लहान गिअर या चढासाठी राखून ठेवावा.