पणजीच्या न्याहारीमागचा घाटरस्ता

बेळगाव-खानापूरकडची माणसे सुट्टीच्या दिवशी गोव्याला निघाली, की सहसा घरून पोटभर खाऊन निघत नाहीत. पहाटे पाचला गाडी काढायची, जांबोटी आणि कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरायचा, साखळीवरून पणजी गाठायची आणि पहिला घास तिथल्या भाजी-पावाचा घ्यायचा, असा कित्येक घरांचा शिरस्ता आहे. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. कॅफे ताटो, कॅफे भोसले, कॅफे रियल, कॅफे सेंट्रल ही नावे आमच्याकडे नातेवाइकांच्या घरांसारखी घेतली जातात आणि कुठली पातळ भाजी सरस, यावर परतीच्या वाटेवर घाट चढून होईपर्यंत वाद चालतो. या न्याहारीला आपण 'गोव्याचे खाणे' म्हणतो आणि ते योग्यच आहे. मात्र ती बशी आजच्या रूपात कशी आली हे पाहू लागल्यावर दिसते ते असे, की तिच्यातला पाव समुद्राने आणला आणि त्याच्या शेजारची भाजी बऱ्याच अंशी घाटाने पुरवली. हा घाटाचा वाटा पणजीच्या खाण्याविषयी लिहिताना बहुधा सुटून जातो, म्हणून हे टिपण.

आधी बशीत काय असते ते पाहू. सुक्या वाटाण्याची पातळ भाजी, तिला ओल्या खोबऱ्याच्या वाटणाचा दाटपणा, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. दुसरी बटाट्याची सुकी भाजी, हळदीची पिवळी, हिरवी मिरची उभी चिरून घातलेली. दोन्ही एका बशीत हव्या असतील तर 'मिक्स' मागायची. सोबत पाव किंवा पुरी, हवी तर मिरचीची भजी, आणि ज्याला गोडसर काही हवे त्याला पिकलेले केळे घालून मळलेल्या पिठाचा फुगलेला बन्स. पाव हाताने मोडून पातळ भाजीत बुडवला, की त्याचा मऊ गाभा रस ओढून घेतो आणि वरचे कवच मात्र थोडा वेळ तग धरून राहते. या कवचात सगळी गंमत आहे आणि तिचे मूळ सोळाव्या शतकात आहे.

पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० साली. गोवा हा भाताचा मुलूख. गव्हाचे पीक तिथले नव्हे आणि पाव फुगवायला लागणारे आंबवणही तिथे नव्हते. गहू बाहेरून आणता येत होता. आंबवणाचा प्रश्न माडाने सोडवला. रेंदेर माडावरून जी सूर, म्हणजे माडी, काढतो, ती काही तासांतच आपोआप आंबू लागते. तीच कणकेत घालून पाव फुगवला जाऊ लागला. साष्टीतल्या माजोर्डा गावी जेझुइट पाद्र्यांनी स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांना पाव भाजायला शिकवले, असे परंपरेने सांगितले जाते. या कसबातून पोदेरांचा पिढीजात धंदा उभा राहिला. 'पोदेर' हा शब्द पोर्तुगीज 'पादेइरो'वरून आला आणि आपला 'पाव' पोर्तुगीज 'पांव'वरून. पायाने तुडवतात म्हणून पाव, ही आपल्याकडे अजून ऐकू येणारी व्युत्पत्ती खरी नाही. लाकडाच्या भट्टीत भाजलेला, कडक कवचाचा गोल उंडो, कोंडा लावलेली पोकळ पोळी, बांगडीसारखे कांकण, फुलपाखरासारखा कापलेला कातरो पाव, ही सगळी त्या भट्टीची लेकरे. आता बहुतेक ठिकाणी सुरेऐवजी बाजारातले यीस्ट वापरतात आणि जुनी माणसे त्याबद्दल हळहळतात. सायकलवर वेताची टोपली बांधून, भोंगा वाजवत पोदेर अजूनही दारोदार येतो, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

परंतु पाव आला म्हणून भाजी-पाव आला नाही. मध्ये काही शतके गेली आणि त्यामागचे कारण धर्माचे होते. १५६० साली गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले आणि १८१२ पर्यंत ते या ना त्या रूपात चालू राहिले. तिसवाडी, बार्देश, साष्टी या तालुक्यांतली देवळे पाडली गेली, देव अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, हलवले गेले आणि कित्येक कुटुंबे देशावर व घाटमाथ्यावर येऊन राहिली. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेला गाव बाटला, ही कथा त्याच काळाची आठवण सांगते. ती घडली तशी घडली असो वा नसो, पावाविषयीची भीती किती खोल गेली होती, हे तिच्यावरून समजते. आमच्या आजीने शेवटपर्यंत पावाला हात लावला नाही. आजारपणात डॉक्टरांनी चहा-पाव सुचवला, तेव्हा तिने चहात भाकरीचा पापुद्रा बुडवून खाल्ला. तिचे माहेर खानापूर तालुक्यातले आणि घराण्याचे कुलदैवत गोव्यात. तिच्या मनात त्या निर्धाराला हट्टाचा स्पर्शही नव्हता; पूर्वजांनी ज्यासाठी गाव सोडले, ती गोष्ट आपण तोंडी कशी लावायची, एवढा तिचा साधा हिशेब होता.

मग हिंदू कॅफेच्या टेबलावर पाव आला कसा? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे बहुसंख्य हिंदू वस्तीचे महाल पोर्तुगीज राज्याला जोडले गेले. जुने गोवे रोगराईने ओस पडत गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला आदिलशहाच्या जुन्या वाड्यात राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. (हा वाडा ज्या आदिलशाहीचा, त्याच आदिलशाहीचा सरदार असदखान लारी बेळगावच्या किल्ल्यात बसून कारभार पाहत असे, दोन्ही गावे एकेकाळी एकाच सत्तेची होती.) राजधानी आली तसे व्यापारी, कारकून, वकील, छापखान्यात काम करणारे लोक पणजीत जमू लागले. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले. शाळा, वर्तमानपत्रे, दुकाने यांना मोकळीक मिळाली. पणजीची जुनी शाकाहारी उपाहारगृहे या नव्या मोकळिकीतून बाळसे धरत गेली. पाटीवर 'कॅफे' हा पोर्तुगीज वळणाचा शब्द, गल्ल्यावर हिंदू मालक, स्वयंपाकघरात खोबरे-मोहरीची घरगुती गोमंतकी भाजी आणि पाव मात्र ख्रिस्ती पोदेराच्या भट्टीतला. ज्या पावाने दोन समाज वेगळे केले होते, तोच पाव दोघांनी एका बाकावर बसून खाण्याचा दिवस उगवला. पणजीच्या इतिहासातली ही घटना कुठल्याही तहाइतकी मोलाची आहे, असे मला वाटते.

आता घाटाकडे वळू. बटाटा आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातली पिके पोर्तुगिजांच्या व्यापारातून पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तिथून वर चढली. बटाटा हा शब्दही त्यांचाच. मराठीने तो जसाच्या तसा घेतला आणि धारवाड-बेळगावकडच्या कन्नडनेही त्याची 'बटाटी' केली, त्यामुळे आमच्या मार्केटमध्ये या बाबतीत दुभाष्या लागत नाही. किनाऱ्याच्या दमट हवेत बटाटा रुळला नाही. बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या लाल मातीत आणि थंड पावसाळी हवेत तो रुळला. मिरचीचेही तसेच झाले: हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरचे नाव घेऊन ती तिखटजाळ लाल मिरची बाजारात प्रसिद्ध झाली. समुद्रावाटे आलेली पिके घाटावर वाढली आणि भाजीत पडायला पुन्हा खाली उतरली.

ही उतरंड आधी बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदरापासून घाट चढून येणारी रेल्वे बांधण्यात आली आणि १८८८ मध्ये ती कॅसलरॉकला ब्रिटिश मुलुखातल्या मार्गाला जोडली गेली. लोंढा जंक्शनवरून बेळगावचा माल थेट किनाऱ्यावर जाऊ लागला.

या पुरवठ्याचे मोल कळले ते तो तुटल्यावर. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने सरहद्द बंद केली, कॅसलरॉकची गाडी थांबली आणि आर्थिक नाकेबंदी पुढे सहा वर्षे टिकली. मुक्तिलढ्यातल्या अनेक कार्यकर्त्यांना त्या काळात बेळगावने आसरा दिला. पणजीत काय खाल्ले जात होते? लोहखनिजाच्या निर्यातीचा पैसा हाताशी असल्याने पोर्तुगीज सरकारने जहाजांनी माल आणवला: बटाटा हॉलंडचा, चहा सिलोनचा, तांदूळ आणि भाजीपाला पाकिस्तानातला. बेळगावजवळच्या कडोलीच्या शेतातला बटाटा घाटापलीकडे पडून असताना पणजीच्या भाजीत युरोपातून आलेला बटाटा शिजत होता. सरहद्द ही नकाशावरची रेघ नसून ती जेवणाच्या ताटातून जाते, हे सीमाभागातल्या माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. पण त्या सहा वर्षांइतके ते क्वचितच कुठे इतके उघडे पडले असेल. डिसेंबर १९६१ च्या लष्करी कारवाईसाठी १७ व्या पायदळ डिव्हिजनची जमवाजमव बेळगावातच झाली आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

त्यानंतर मालमोटारींचे युग आले. भाजी, दूध, कोथिंबीर, टोमॅटो यांसाठी गोवा बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यावर अवलंबून राहिला, तो आजही आहे. गोव्याचे फलोत्पादन महामंडळ आपल्या गाळ्यांत सवलतीने जी भाजी विकते, तिचा मोठा भाग बेळगावहून जातो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत सरहद्दीवर गाड्या अडल्या, तेव्हा गोव्यात भाजी मिळेनाशी झाली. म्हादई नदीच्या पाण्यावरून गोवा-कर्नाटक तणाव वाढला आणि रस्ता रोखला गेला, तरी तिथले भाव चढतात. ही म्हादई उगम पावते आमच्या खानापूर तालुक्याच्या जंगलात आणि पणजीला पोहोचते तेव्हा तिला मांडवी म्हणतात.

मुक्तीनंतर इडली-डोशाची उडुपी हॉटेलेही पणजीत वाढली, पण ती सगळीकडेच वाढली. पर्यटकांसाठी उशिरा मांडला जाणारा, न्याहारी आणि दुपारचे जेवण एकत्र करणारा ब्रंच हा अलीकडचा पाहुणा असून त्याची जागा मोठ्या हॉटेलांत आणि नव्या कॅफेंत आहे. फोंतेन्यास भागातल्या जुन्या बेकऱ्या मात्र पाहण्यासारख्या आहेत, आणि ज्याला चालते त्याने तिथल्या भागात चोरीस-पाव, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज घातलेला पाव, चाखावा. भाजी-पावासाठी सकाळी आठच्या आत पोहोचलेले बरे. पोदेराच्या टोपलीतला पाव तेव्हा अजून कोमट असतो.

पहाटे चोर्ला उतरताना वळणावळणावर समोरून मालमोटारी येतात. त्यांना वाट देण्यासाठी आपण गाडी कडेला घेतो. ताडपत्री गुंडाळून ठेवलेली असते, प्लास्टिकचे क्रेट एकात एक रचलेले आणि रिकामे. संध्याकाळी बेळगावच्या बाजारात भरलेला माल रात्रीतून म्हापसा-पणजीला उतरवून त्या परत वर निघालेल्या असतात.