फॉरमॅट मारल्याशिवाय विंडोज नीट होत नाही?

‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल.’ नौपाड्यापासून वाशीपर्यंत हे वाक्य इतकं मुरलंय की लोक मुलांच्या बारशाचे फोटोही निमूटपणे सोडून देतात. फार वाईट वाटतं, कारण बहुतेकदा त्याची गरजच नसते.

विंडोज १० सलग दोन-तीनदा सुरू होताना अडखळलं की निळा रिकव्हरी स्क्रीन आपोआप येतो. तिथे ‘ट्रबलशूट’मध्ये आधी स्टार्टअप रिपेअर करून पाहा. नाही जमलं तर ‘रिसेट धिस पीसी’मधला ‘कीप माय फाइल्स’ निवडा: सॉफ्टवेअर पुन्हा टाकावी लागतात, पण तुमच्या यूजर फोल्डरमधले फोटो, कागदपत्रं राहतात.

तेही चाललं नाही तर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच पण वेगळी, मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) ‘लाइव्ह’, म्हणजे थेट पेन ड्राइव्हवरूनच, चालवा. काहीही इन्स्टॉल न करता जुनी डिस्क उघडते आणि फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करता येतात. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर मात्र त्याची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा कोड, लागेलच.

डिस्कच कटकट आवाज करत असेल तर यातलं काहीही करू नका. मशीन लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.