सायकल मार्गिकांचा मागोवा (कोल्हापूर)

सायकल मार्गिकांचा मागोवा : शहरातील सायकल मार्गिका कोठे मंजूर झाल्या, त्यांपैकी कोणत्या बांधल्या गेल्या, कोणत्या पुढे रुंद किंवा सुरक्षित झाल्या आणि कोणत्या पुन्हा उभ्या गाड्यांखाली गेल्या, याची तुकडावार व तारीखवार नोंद ठेवण्याची पद्धत. ही नोंद महापालिकेचा बांधकाम विभाग ठेवू शकतो, सायकलस्वारांचा एखादा गट ठेवू शकतो, किंवा रोज त्याच रस्त्याने मुलाला शाळेला सोडणारा पालकही. कोल्हापुरात चौकातल्या गप्पांत हा सगळा विषय ‘ट्रॅकचं काम कुठवर आलंय?’ एवढ्यावर उरकतो. तिघांना विचारले तर उत्तरे तीन मिळतात, कारण एकाच्या डोक्यात ठराव असतो, दुसऱ्याच्या डोक्यात निविदा आणि तिसऱ्याच्या चाकाखाली खडी.

संज्ञा व मापे

रोजच्या बोलण्यात ‘सायकल ट्रॅक’ हा एकच शब्द चालतो. नोंदीला तो पुरत नाही. डांबरावर पांढरा पट्टा ओढून दाखवलेली जागा ही मार्गिका. कठडा, खांब किंवा उंचवटा घालून मोटारींपासून तोडलेली वाट हा ट्रॅक. पदपथावर पादचाऱ्यांशी वाटून घेतलेली जागा हा तिसरा प्रकार, आणि तो दोघांनाही नकोसा असतो. पट्टा एका रात्रीत ओढता येतो आणि एका पावसाळ्यात पुसलाही जातो. कठड्याला खोदाई लागते, पाण्याचा निचरा बघावा लागतो, विजेचे खांब हलवावे लागतात. या दोन्हींचे किलोमीटर एकाच बेरजेत धरले की कागदावरचा आकडा फुगतो.

रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने सायकल ट्रॅकविषयीची ‘आयआरसी ११’ ही शिफारस १९६२ मध्ये काढली आणि २०१५ मध्ये ती सुधारली. मूळ शिफारशीनुसार गर्दीच्या तासाला ४०० किंवा अधिक सायकली आणि १०० ते २०० मोटारवाहने असतील तर वेगळा ट्रॅक करावा. वाहने २०० च्या वर गेली तर १०० सायकलींसाठीही तो समर्थनीय ठरतो. ट्रॅकची रुंदी किमान २ मीटर, पुढच्याला ओलांडून जाण्याची सोय हवी असल्यास ३ मीटर, आणि डोक्यावर २.२५ मीटर मोकळी जागा. दसरा चौकात उभे राहून हे आकडे वाचले तर हसू येते. तिथे २०० वाहने जायला तास लागत नाही. मात्र रुंदीचा आकडा आजही कामाचा आहे, कारण मापपट्टी लावून तो कोणालाही तपासता येतो.

कोल्हापूरचे रस्ते आणि त्यांचे मालक

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची. १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महानगरपालिका झाली. शहराचे क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,४९,२३६ होती. महापालिका झाली तरी हद्द वाढली नाही, आणि ‘हद्दवाढ’ हा इथला कायमचा विषय होऊन बसला. त्याचा सायकलशी थेट संबंध आहे. उचगाव, पाचगाव, कळंबा ही गावे शहराला खेटून वाढली. माणसे तिकडे राहतात आणि कामाला, कॉलेजला इकडे येतात. ५ किलोमीटरच्या अशा फेऱ्या हे सायकलचे खरे अंतर, पण त्या फेरीत रस्त्याचा मालक बदलतो. हद्दीपर्यंत महापालिका, पुढे ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद, काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही राष्ट्रीय महामार्गाचे. भोवतालच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणही आले. म्हणून मागोव्याच्या तक्त्यात पहिला रकाना लांबीचा ठेवू नये, ‘रस्ता कोणाचा’ याचा ठेवावा. तो रिकामा राहिला तर पुढची सगळी पत्रे चुकीच्या टेबलावर जातात.

शहराची ठेवणही एकसारखी नाही. महाद्वार रोड आणि जुन्या पेठांमध्ये पायी चालणाऱ्यालाच जागा मिळत नाही. तिथे वेगळा ट्रॅक मागण्यात अर्थ नाही, मोटारींचा वेग आणि त्यांचे थांबणे आवरले तरी पुष्कळ झाले. ताराबाई पार्कात रस्ते रुंद आहेत. राजारामपुरीत आकड्यांच्या गल्ल्या असल्याने मुख्य रस्ता टाळून समांतर वाट काढता येते. शिवाजी विद्यापीठाकडे जाताना चढ लागतो, आणि चढावर सायकलस्वार हळू होतो, थोडा डगमगतो, म्हणून त्याला जागा जास्त लागते. उताराच्या बाजूला त्याहून कमी जागाही पुरते. नोंदीत डावी आणि उजवी बाजू वेगळी लिहायची ती यासाठी.

कागदावरचा प्रवास

मार्गिका जमिनीवर उतरण्याआधी बराच काळ कागदावर जगते. विकास आराखडा किंवा अंदाजपत्रकातली तरतूद, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, स्थायी समितीची मंजुरी आणि शेवटी ठेकेदाराच्या हातात कार्यारंभ आदेश. (नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर काही वर्षे प्रशासकच सभा आणि समिती दोन्ही होते, त्या काळातल्या मंजुऱ्या ‘प्रशासक ठराव’ या नावाने शोधाव्या लागतात.) त्यानंतर रस्त्यावर फक्की पडते, खोदाई, खडीकरण, वरचा थर. कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तकात आकडे भरतो, त्यावरून देयक निघते, आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यानंतर दोषदायित्वाचा कालावधी सुरू होतो. या कालावधीत उखडलेले काम ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असते. लोक बहुधा उद्‌घाटनाची तारीख लक्षात ठेवतात. मागोवा ठेवणाऱ्याला हवी असते ती दोषदायित्व संपण्याची तारीख, कारण तिच्या आदल्या महिन्यात केलेली तक्रार सर्वांत फळते.

माहिती अधिकार कायदा, २००५ इथे उपयोगी पडतो. त्याच्या कलम २(ञ) मध्ये केवळ कागदांच्या प्रती येत नाहीत. कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणेही येते. दहा रुपयांच्या अर्जावर मोजमाप पुस्तकाची पाने मागता येतात आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्ज मात्र ‘शहरातील सायकल ट्रॅकची माहिती द्यावी’ असा मोघम असू नये. कोणत्या चौकापासून कोणत्या चौकापर्यंत, कोणत्या कार्यारंभ आदेशाखाली, एवढे लिहिले तर पळवाट उरत नाही.

रस्त्याचा हिशेब मागणे कोल्हापूरला नवे नाही. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर शहरात सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा प्रकल्प झाला आणि त्यासाठी टोल बसला, तेव्हा एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन उभे राहिले आणि अखेर टोल रद्द झाला. करारात लिहिलेले काम आणि रस्त्यावर दिसणारे काम यांची तुलना त्या काळात तालमीच्या कट्ट्यावरही होत असे. गटार किती, पदपथ किती, खांब हलले का, हे प्रश्न सामान्य माणसाच्या तोंडी आले. सायकल मार्गिकांचा मागोवा म्हणजे तीच सवय, फक्त पट्टा दोन मीटरचा.

टक्केवारीचा घोळ

‘७० टक्के काम पूर्ण’ या वाक्यावर सायकल चालवता येत नाही. काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या थेट पाइपलाइनचे उदाहरण इथे प्रत्येकाला पाठ आहे. जलवाहिनीची लांबी वर्षानुवर्षे वाढत राहिली, पण शेवटचे जोड पूर्ण होऊन २०२३ च्या दिवाळीत पाणी पोहोचेपर्यंत घरच्या नळाला तिचा उपयोग शून्य होता. मार्गिकेचेही तसेच आहे. दोन चौकांमधला सरळ, रुंद भाग आधी होतो, कारण तो सोपा असतो. अपघाताची भीती जिथे सर्वांत जास्त, तो चौक शेवटी राहतो, आणि बऱ्याचदा राहतोच. कोल्हापुरात तर चौकांच्या जोडीला तिकट्या आहेत: मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. तीन रस्ते तिरके येऊन मिळतात तिथे डावीकडे वळणारी रिक्षा आणि सरळ जाणारी सायकल यांची गाठ पडते. परीख पुलाखालचा रेल्वेखालून जाणारा अरुंद रस्ता हा दुसरा नमुना. दोन्ही बाजूंना उत्तम ट्रॅक असला तरी पुलाखाली पाणी साचले की ती वाट तुटलेलीच.

म्हणून काळजीपूर्वक ठेवलेल्या नोंदीत एकूण लांबीखाली एक वेगळी ओळ असते: सायकलवरून न उतरता जाता येईल असा सर्वांत लांब सलग पल्ला. हा आकडा नेहमी लहान निघतो आणि पत्रकात सहसा छापला जात नाही.

प्रत्यक्ष पाहणी

पाहणीसाठी सायकल, मापपट्टी आणि फोन एवढे पुरते. रस्त्याचे चौक ते चौक तुकडे पाडून प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक पुन्हा बदलायचा नाही. छायाचित्र दर वेळी त्याच जागेवरून, त्याच दिशेने. मागे एखादे न हलणारे खूणचिन्ह असावे. दुकानाची पाटी नको, ती बदलते. रुंदी मोजायची ती सर्वांत अरुंद जागी, म्हणजे रोहित्र, झाड किंवा वाहतूक पोलिसाची छत्री जिथे मार्गिकेत घुसते तिथे. डोक्यावरच्या २.२५ मीटरची परीक्षा गणेशोत्सवात होते. मंडपाचे बांबू आणि स्वागत कमानी यांनी पेठेतली मार्गिका काही दिवस बंद पडली, तर तिला ‘नष्ट’ म्हणायचे नाही, ‘तात्पुरती अडलेली’ असा शेरा मारून तारीख टाकायची. पुढच्या महिन्यात मंडपाचा खड्डा बुजला का, हे मात्र आवर्जून बघायचे.

वर्षातून दोन फेऱ्या आवश्यक ठरतात: मे अखेरीस एक आणि पावसाळा उतरल्यावर ऑक्टोबरात दुसरी. कोल्हापूरचा पाऊस डांबराला सोडत नाही, आणि नदीकाठच्या भागात पूर वेगळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये नदी तिच्या कितीतरी वर गेली होती. अशा पुरानंतर आधीची सगळी निरीक्षणे रद्द समजून नदीकडचे तुकडे नव्याने बघावे लागतात. मार्गिकेची दुसरी शत्रू म्हणजे नवी खोदाई. जलवाहिनी, गॅस, केबल यांसाठी कडेचाच भाग फोडला जातो, आणि कडेलाच मार्गिका असते. खोदलेल्या चराची माती दबून तयार झालेली सलग खाच मोटारीला कळत नाही. सायकलचे चाक तिच्यात अडकते.

सुधारणा कशी नोंदवावी

नवे बांधकाम नोंदवणे सोपे, सुधारणा नोंदवणे अवघड. पट्ट्याच्या जागी खांब आले, खांबांच्या जागी कठडा, पेव्हर ब्लॉक काढून डांबर, चौकात लाल रंग, असे बदल तुकड्याची लांबी वाढवत नाहीत. जुन्या तक्त्यात ते दिसतही नाहीत. त्यासाठी जुनी ओळ खोडायची नसते. त्याच क्रमांकाखाली नवी तारीख आणि नवी स्थिती लिहायची. उलट प्रवासही तितक्याच सरळपणे लिहावा लागतो: खांब मोडले, हातगाडी लागली, डांबरीकरणात पट्टा गेला तो परत आलाच नाही. नव्या डांबराखाली पट्टा गेल्यास ती अवनती धरावी की सुधारणा, यावर वाद होतो. गुळगुळीत रस्त्यावर सायकल सुखाने धावते हे खरे, पण हक्काची जागा गेलेली असते. नोंदीत अवनतीच लिहावी.

जगभरचे स्वयंसेवक ज्यात भर घालतात त्या ओपनस्ट्रीटमॅप या २००४ साली सुरू झालेल्या नकाशात याची बरीचशी सोय आहे. पट्टा आणि वेगळा ट्रॅक यांना निराळ्या खुणा, डाव्या-उजव्या बाजू स्वतंत्र, ‘प्रस्तावित’ आणि ‘बांधकाम चालू’ हे टप्पे वेगळे, शिवाय प्रत्येक बदल तारखेसह जपलेला. त्या नकाशाचा संकेत असा की जे जमिनीवर आहे तेच काढायचे. नुसत्या घोषणेवरून रेघ ओढली की दुसरा कोणीतरी ती पुसतो.

इतर शहरांत

कोपनहेगन पालिका १९९० च्या दशकापासून ठरावीक काळाने सायकलींचा ताळेबंद प्रसिद्ध करते. पॅरिसच्या २०१५ ते २०२० च्या सायकल योजनेवर तिथल्या सायकलस्वारांच्या संघटनेने स्वतःचे निरीक्षण ठेवले आणि किती झाले, किती राहिले हे जाहीर केले. लंडनच्या परिवहन संस्थेने २०१९ मध्ये सायकलसाठीच्या सुविधांची छायाचित्रांसह सूची सर्वांसाठी खुली केली. महाराष्ट्रात पुण्याने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. तिथे आधीचे ट्रॅकही होते, त्यामुळे नव्याने किती आणि जुन्याची डागडुजी किती हा प्रश्न तिथे फार तापला. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातला ट्रॅक गाड्या लावण्यासाठी वापरला जाऊ लागला आणि देशभर तेच उदाहरण दिले जाऊ लागले. हैदराबादेत बाह्यवळण रस्त्याकडेचा २३ किलोमीटरचा, सौर छताचा ट्रॅक ऑक्टोबर २०२३ मध्ये खुला झाला.

मोजणी

मार्गिका आहे म्हणजे ती वापरात आहे असे होत नाही, म्हणून स्थितीच्या रकान्याशेजारी मोजणीचा रकाना असतो. २०११ च्या जनगणनेत कामाला जाणाऱ्यांना अंतर आणि साधन विचारले होते. तो आधार आता जुना झाला आहे, शिवाय त्यात शाळेची मुले नाहीत. हाताने मोजायचे तर वेळ बघून उभे राहावे लागते. दुधाच्या किटल्या लावलेली सायकल गंगावेशीत भल्या पहाटे दिसते, शिवाजी उद्यमनगरातला कामगार पाळी सुटताना, आणि सायबर चौकातला विद्यार्थी दहाच्या आसपास. दुपारी बारा वाजता मोजणी करून ‘इथे सायकली नाहीतच’ असा निष्कर्ष काढणाऱ्या अहवालावर मोजणीची वेळ छापलेली आहे का, ते आधी पाहावे.