ओआयएम उंदीर

ओआयएम हे प्रयोगशाळेतील, ठिसूळ हाडे असलेल्या उंदरांचे वाण आहे. माणसातील ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा (हाडे सहज मोडण्याचा आनुवंशिक आजार) अभ्यासण्यासाठी ते वापरतात. नावातली अक्षरेही त्या आजाराच्या नावावरूनच आली. अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत हे उत्परिवर्तन आपोआप उद्भवले, मुद्दाम कुणी घडवलेले नाही. त्याचे वर्णन १९९३ साली प्रसिद्ध झाले.

हाडे, कंडरा आणि त्वचा यांना बळ देणारे पहिल्या प्रकारचे कोलॅजेन म्हणजे तीन पेडांची वेणी. त्यातले दोन पेड सारखे (अल्फा-१) आणि तिसरा वेगळा (अल्फा-२). बाईची वेणी वरून घालत येतात आणि टोकाला बांधतात. इथे नेमके उलटे. पेशी आधी पेडांची शेपटाकडची टोके एकत्र अडकवते आणि मग तिथून वर पीळ चढत जातो. ओआयएम उंदरात अल्फा-२ च्या जनुकातून ग्वानीनचे (जनुकाच्या लिपीतल्या चार अक्षरांपैकी एकाचे) एकच अक्षर गळाले आहे, तेही अगदी शेवटाजवळ. पण तिथून पुढे अक्षरांचे गट सरकतात आणि साखळीतली शेवटची ४८ अमिनो आम्ले बदलून जातात. नेमके अडकवायचे टोकच बिघडल्यामुळे अल्फा-२ पेड वेणीत शिरू शकत नाही. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या उंदरात मग अल्फा-१ चेच तीन पेड गुंफले जातात. एका अक्षराने एवढे व्हावे हे अजब वाटते. तेच अक्षर जनुकात दुसरीकडे गळाले असते तर परिणाम कदाचित निराळा झाला असता.

अशी समयुग्मजी (दोन्ही प्रती सदोष असलेली) पिल्ले अंगाने लहान राहतात. त्यांच्या लांब हाडांची भिंत पातळ असते, पाय वाकतात आणि क्ष-किरण चित्रात मोडून जुळलेल्या हाडांवरच्या गाठी दिसतात. हाड ठिसूळ का, याचे उत्तर केवळ ‘हाड कमी’ एवढेच नाही. कोलॅजेनच्या धाग्यांवर बसणारे खनिजाचे स्फटिक लहान आणि विस्कळीत असतात. म्हणजे मालही कमी आणि बांधणीही सदोष. शेपटीच्या कंडरेत खनिज जवळजवळ नसतेच, तरी ओआयएम उंदराची ही कंडरा ताणल्यावर निरोगी उंदराच्या कंडरेपेक्षा कमी ताणात तुटते. दोष केवळ खनिजात नसून वेणीतही आहे, हे त्यावरून उघड होते. महाधमनीची भिंतही कमजोर असते. मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या केशिकागुच्छांत हे एकसुरी कोलॅजेन साचते. एकच प्रत सदोष असलेले उंदीर वरवर धडधाकट दिसतात, पण मोजमाप घेतले की त्यांची हाडेही कमकुवत निघतात.

इथे एक कोडे आहे. अल्फा-२ साखळी मुळात तयारच होत नाही अशी काही माणसे आढळली आहेत. त्यांना हृदयाच्या झडपांचा त्रास होतो, सांधे सैल असतात, पण हाडे फारशी मोडत नाहीत. दोन्हीकडे अंतिम वेणी तीच, अल्फा-१ च्या तीन पेडांची. म्हणून बिघडलेली, वापरता न येणारी साखळी पेशीवर जो ताण आणते त्याचा या रोगात वाटा असावा, असे मानायला जागा आहे. मात्र उंदराची गोष्ट जशीच्या तशी माणसावर लावताना सांभाळूनच राहावे.

हे एकटेच वाण नाही. १९८३ च्या मोव्ह-१३ उंदरात अल्फा-१ च्या जनुकात विषाणू घुसलेला असतो. त्याची समयुग्मजी पिल्ले रक्तवाहिन्या फुटून गर्भातच दगावतात. १९९९ च्या ब्रटल उंदरात माणसात सापडलेलाच एका ग्लायसीनचा (एका अमिनो आम्लाचा) बदल मुद्दाम घातलेला आहे, आणि एकाच उत्परिवर्तनाची काही पिल्ले जन्मताच मरतात, तर काही मोठी होऊन वंश चालवतात.

उपचारांची चाचणी हा ओआयएम उंदरांचा मुख्य उपयोग. ॲलेंड्रोनेट या बिस्फॉस्फोनेट (हाडांची झीज रोखणाऱ्या) औषधाने त्यांचे अस्थिभंग कमी झाले, पण कोलॅजेन तेच राहते. त्याहून कुतूहलाचा प्रयोग २०१६ चा. स्नायूंची वाढ रोखणारे मायोस्टॅटिन हे प्रथिन कमी असलेल्या मादीच्या पोटी वाढलेल्या, एक प्रत सदोष असलेल्या पिल्लांची हाडे मोठेपणी अधिक मजबूत निघाली. गर्भ दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात रुजवूनही हा परिणाम तपासण्यात आला.